घरच्या घरी औषधी मशरूम: लायन्स मेन आणि रेशी कसं उगवायचं, आणि खाऊन नक्की काय होतं

औषधी मशरूमच्या पावडरी, कॅप्सूल, कॉफी सगळं हल्ली ऑनलाइन मिळतं, आणि डब्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचलं की वाटतं आता आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी चढायला नको. पण डब्याच्या आत नक्की काय आहे हे फारसं कोणी विचारत नाही. २०१७ साली अमेरिकेत विकत घेतलेली रेशीची १९ सप्लिमेंट्स लॅबमध्ये तपासली गेली, त्यात फक्त ५ लेबलवर लिहिल्याप्रमाणे खरी निघाली. म्हणून माझं मत सरळ आहे, खायचंच असेल तर स्वतः उगवा. जमतं, फार अवघड नाही, स्वच्छता आणि थोडा धीर लागतो, आणि निदान आपण काय खातोय ते तरी माहीत असतं.

आधी कुठलं लावायचं ते ठरवा

पहिल्यांदाच करत असाल तर लायन्स मेन घ्या. महिना-दीड महिन्यात हातात येतं, चवीला चांगलं असतं, आणि दिसतं एकदम भारी, पांढऱ्याशुभ्र दाढीसारखं. दुसऱ्या नंबरला रेशी, हे जरा हळू वाढतं पण त्याला गरम हवा चालते आणि फार लाड लागत नाहीत. शिटाके पण छान, पण लाकडाच्या ओंडक्यावर केलं तर पहिलं पीक यायला ६ महिने ते वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं. टर्की टेल उगवायला सोपं आहे पण इतकं चिवट की चावून खाणं शक्य नाही, फक्त उकळून घ्यायचं. कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस बरण्यांमध्ये ब्राऊन राईसवर करतात, त्याला भरपूर उजेड लागतो आणि त्याचं कल्चर (म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली मूळ जिवंत बुरशी) पुन्हापुन्हा वाढवत गेलं की कमजोर होत जातं, जाळं (बुरशीच्या बारीक धाग्यांचं, मायसेलियम) येतं पण मशरूम येत नाही, त्यामुळे ते नंतर कधीतरी, हात बसल्यावर.

आणि चागा, त्याच्या मागे लागू नका. चागा जिवंत बर्च झाडावर परजीवी म्हणून वर्षानुवर्षं वाढतो, आणि आपण ज्याला चागा म्हणतो तो काळा गोळा मशरूम पण नाही, बुरशी आणि लाकूड एकत्र घट्ट झालेलं असतं ते. पिशवीत येणारी गोष्ट नाही ती. कोणी चागाचं किट विकत असेल तर पैसे वाचवा.

फायदे, म्हणजे खरे किती आणि हवेतले किती

सगळ्या औषधी मशरूममध्ये कॉमन गोष्ट म्हणजे बीटा-ग्लुकान. बुरशीच्या पेशींच्या भिंतीत असतात हे, आणि आपल्या रोगप्रतिकारक पेशींवर ते ओळखणारे रिसेप्टर असतात, म्हणून "इम्युनिटी वाढते" हे जे म्हणतात त्याच्या मागे थोडं शास्त्र आहे. पण रिसेप्टर असणं वेगळं आणि माणूस कमी आजारी पडणं वेगळं, हा फरक जाहिरातवाले सांगत नाहीत.

लायन्स मेनचं नाव मेंदूसाठी घेतलं जातं. त्यात हेरिसिनोन नावाची द्रव्यं मशरूममध्ये आणि एरिनासिन नावाची जाळ्यामध्ये सापडतात, आणि लॅबमधल्या पेशी आणि उंदरांवर यांनी मज्जातंतू वाढवणारा घटक, एनजीएफ, वाढतो असं दिसलंय. माणसांवरचा जो अभ्यास सगळे सांगतात तो जपानमधला २००९ चा, ५० ते ८० वयाची सौम्य स्मृतीची तक्रार असलेली माणसं, रोज ३ ग्रॅमच्या आसपास पावडर, १६ आठवडे. पावडर घेणाऱ्यांचे चाचणीतले मार्क खरंच सुधारले. पण बंद केल्यावर ४ आठवड्यांत परत घसरले, आणि सगळे मिळून माणसं होती तीसच. त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री खाऊन काही होणार नाही.

रेशीमध्ये बीटा-ग्लुकानशिवाय ट्रायटर्पीन असतात, त्याचा तो जहाल कडूपणा यांच्यामुळेच. कॅन्सरच्या बाबतीत कॉक्रेनने (वेगवेगळ्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१६ साली ५ चाचण्या, ३७३ रुग्ण एकत्र करून पाहिले, निष्कर्ष असा की मुख्य उपचार म्हणून रेशी वापरायला पुरेसा पुरावा नाही, नेहमीच्या उपचारासोबत पूरक म्हणून विचार होऊ शकतो. आणि टाइप २ डायबेटिसवाल्यांच्या हृदयाच्या धोक्यासाठी रेशी घ्या असं म्हणायला आधार मिळाला नाही, हे पण कॉक्रेनचंच, २०१५ चं. हे सांगायचं कारण एवढंच की "रेशीने शुगर जाते" वाले मेसेज फिरत असतात, ते फॉरवर्ड करू नका.

टर्की टेल आणि शिटाकेची गोष्ट वेगळी आहे. टर्की टेलपासून काढलेलं पीएसके जपानमध्ये १९७७ पासून केमोथेरपीच्या जोडीला औषध म्हणून दिलं गेलं, आणि शिटाकेमधलं लेंटिनान १९८५ पासून पोटाच्या कॅन्सरमध्ये इंजेक्शनने. पण नीट वाचा, शुद्ध केलेला अर्क, ठरलेला डोस, डॉक्टरांच्या हाताखाली. शिटाकेची भाजी खाल्ली म्हणजे लेंटिनानचं इंजेक्शन घेतलं असं होत नाही.

मी स्वतः याकडे चांगलं अन्न म्हणून बघतो. फायबर आहे, एर्गोथायोनिन नावाचं चांगलं अँटिऑक्सिडंट आहे, कॅलरी कमी, आणि वर थोडा औषधी गुण मिळाला तर मिळाला.

आता लायन्स मेन, सुरुवातीपासून

स्पॉन म्हणजे बियाणं, हे विश्वासाच्या लॅबमधून ताजं घ्या. धान्यावरचं घ्या किंवा भुशावरचं, दोन्ही चालतं. पिशवीत पांढरं जाळं दिसलं पाहिजे आणि वास ताज्या मशरूमचा आला पाहिजे. कुठेही हिरवा ठिपका असेल, तळाला पाणी साठलं असेल किंवा आंबूस वास येत असेल तर परत करा. आल्यावर लगेच लावणार नसाल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

ज्याच्यावर वाढवायचं ते म्हणजे कठीण लाकडाचा भुसा. पाइन, देवदार असलं राळेचं लाकूड नको, आणि प्लायवुड, एमडीएफ किंवा रंग लावलेल्या लाकडाचा भुसा तर अजिबात नको, त्यात गोंद आणि केमिकल असतात आणि ते शेवटी तुमच्याच पोटात जाणार. त्यात गव्हाचा कोंडा मिसळायचा, सुक्या वजनाच्या १० ते २० टक्के. कोंडा वाढवला की पीक वाढतं पण इतर बुरश्यांनाही तो तितकाच आवडतो, म्हणून पहिल्या वेळी १० टक्क्यांवरच थांबा. चमचाभर जिप्सम घातलं तर मिश्रण चिकटत नाही, नसलं तरी अडत नाही.

पाणी हा सगळ्यात जास्त गडबडीचा भाग. १ किलो पूर्ण सुक्या मिश्रणाला दीड लिटर पाणी घातलं की ६० टक्के ओलावा होतो, आपल्याला तेवढाच हवाय. पण भुसा आधीच थोडा ओला असतो म्हणून सगळं पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत मूठ दाबून बघा. जोरात दाबल्यावर दोन-चार थेंब पडले की बास. धार लागली तर जास्त झालं, अजून सुका भुसा घाला.

पिशवी पॉलिप्रोपिलीनचीच पाहिजे, साधी कॅरीबॅग १२१ डिग्रीला वितळते. फिल्टर लावलेली मिळाली तर उत्तम, नाहीतर तोंडाला प्लॅस्टिकची रिंग आणि घट्ट कापसाचा बोळा, त्यावर फॉइल म्हणजे वाफेचं पाणी कापसात मुरत नाही. घरचा प्रेशर कुकर असेल तर अर्धा ते १ किलोच्या छोट्या पिशव्याच भरा.

कुकरच्या तळाला जाळी ठेवा, पिशवी तळाला किंवा बाजूला टेकली तर वितळते. १५ पीएसआयला १ किलोच्या पिशवीला २ तास लागतात, आणि इथे लक्ष द्या, २ तास शिट्ट्या मारत ठेवला तर आतलं पाणी संपून कुकर जळेल, त्यामुळे पाणी पुरेसं घाला, प्रेशर आलं की आच इतकी कमी करा की नुसतं हलकं फुसफुसत राहील, आणि घर सोडून जाऊ नका. मोठा कुकर असेल तर बरं, त्यात पाणी जास्त मावतं. झाल्यावर प्रेशर आपोआप उतरू द्या, घाईत वाफ सोडली तर पिशव्या फुगून फुटतात. मग रात्रभर तसंच गार होऊ द्या, गरम पिशवीत स्पॉन टाकलं की स्पॉन मेलं.

कुकर नाहीच म्हणणाऱ्यांनी मोठ्या पातेल्यात १०० डिग्रीच्या वाफेवर १२ तासांच्या आसपास ठेवायचं, कोंडा कमीच ठेवायचा, आणि तरीही काही पिशव्या जातील हे धरून चालायचं.

लावणीच्या वेळी हवा हलता कामा नये. एक पारदर्शक प्लॅस्टिकचा टब उलटा करून त्याला हात जातील एवढी दोन भोकं पाडा, झाला तुमचा बॉक्स. पंखा, एसी बंद, टब आतून ७० टक्के अल्कोहोलने पुसा, हातमोजेसुद्धा. ७० टक्केच, ९९ टक्केवालं घेऊ नका, ते फार पटकन उडून जातं आणि जंतू मारायला थोडं पाणी लागतंच. आणि अल्कोहोल मारलेल्या बंद बॉक्समध्ये लायटर पेटवायचा विचारही करू नका. थोडा वेळ धूळ खाली बसू द्या, मग स्पॉन बाहेरूनच चुरून मोकळं करा, आणि १ किलोच्या पिशवीला १०० ग्रॅम पटकन ओतून तोंड बंद. नंतर पिशवी हलवून स्पॉन सगळीकडे पसरवा.

यानंतर २ ते ३ आठवडे २२ ते २४ डिग्रीला शांतपणे ठेवायचं. इथे नवीन लोक हमखास घाबरतात, कारण लायन्स मेनचं जाळं खूप विरळ, फिकट असतं, बाकीच्या मशरूमसारखा दाट पांढरा थर दिसत नाही, आणि मग वाटतं की काही वाढलंच नाही. वाढलेलं असतं. उजेडात धरून बघा, भुशाचा रंग फिकट झालेला दिसेल. उलट कधीकधी हे एवढं घाईचं असतं की पिशवी पूर्ण भरायच्या आधीच आत छोटे पांढरे गोळे धरायला लागतं.

हिरवं दिसलं तर ती ट्रायकोडर्मा नावाची नको असलेली बुरशी. आधी पांढरीच असते, दाट, आणि दोन-तीन दिवसांत हिरवी होते. केशरी पिठासारखं दिसलं तर न्यूरोस्पोरा, ती भयंकर वेगाने पसरते. काळी बुरशी, आंबट वास, ओले चिकट डाग, हे सगळं एकच सांगतं, पिशवी गेली. वास घ्यायला म्हणून घरात उघडू नका, तशीच बंद करून बाहेर टाका. हिरवा भाग कापून बाकीचं वाचवू असं करणारे बाकीच्या चांगल्या पिशव्या पण घालवतात.

पिशवी भरली की पुढचा टप्पा. तापमान १६ ते २१ डिग्रीपर्यंत उतरवा, दमटपणा ८५ ते ९५ टक्के, आणि पिशवीच्या बाजूला २-३ सेंटीमीटरचे दोन किंवा तीन छेद द्या. वरचं तोंड उघडू नका, ब्लॉक (पिशवीतला जाळ्याने बांधलेला भुशाचा गठ्ठा) सुकतो, शिवाय छेद कमी असले की मशरूम मोठं येतं. ठेवायला भोकं पाडलेला मोठा पारदर्शक टब चालतो, तळाला ओलं पर्लाइट (पाणी धरून ठेवणारे हलके पांढरे खडे), दिवसातून तीन-चार वेळा झाकण हलवून हवा बदलायची आणि टबच्या भिंतींवर पाण्याचा फवारा मारायचा. मशरूमवर थेट मारू नका, पिवळं-तपकिरी पडतं. उजेड खिडकीतला पुरेसा, थेट ऊन नको.

लायन्स मेन स्वतःच सांगतं त्याला काय कमी पडतंय. गोल गोळा न होता फांद्या फांद्या फुटत चालल्या तर कार्बन डायऑक्साइड साठलाय, हवा वाढवा. काटे (खाली लोंबणारे दाढीसारखे धागे) आखूड आणि टोकं पिवळी, तर कोरडं पडलंय. सगळं ठीक असेल तर आठवड्याभरात छेदातून पांढरा कोंब येतो, आणि अजून आठवड्याभरात तोडायला तयार. काटे अर्धा ते १ सेंटीमीटर झाले की तोडायचं, मुळापासून हलकेच पिळून. अजून मोठं होऊ दे म्हणून थांबलात तर गुलाबी-पिवळसर होतं आणि कडवट लागतं. १ किलोच्या ओल्या ब्लॉकमधून सगळे फ्लश (म्हणजे पिकाचे बहर) मिळून साधारण २०० ते ३०० ग्रॅम ताजं मशरूम निघतं. पहिल्यानंतर १०-१५ दिवसांनी दुसरा फ्लश येतो, लहान असतो.

रेशीमध्ये वेगळं काय

मिश्रण तेच, पिशवी तीच, फक्त तापमान २४ ते ३० डिग्री, आणि वेळ ३-४ महिने धरा. रेशीची गंमत अशी की हवा कशी देता यावर त्याचा आकार ठरतो. पिशवी बंद ठेवून आत कार्बन डायऑक्साइड साठू दिला तर लांब शिंगं येतात, वरती हवा मोकळी केली की तीच शिंगं पंख्यासारखी पसरतात. शिंगं करणं जास्त सोपं, पिशवी उघडायचीच नाही, त्यामुळे बिघडायचा चान्स पण कमी. नवीन माणसाने शिंगंच करावीत.

पंखा केलात तर कडेला पांढरी किनार दिसते, ती वाढ चालू असल्याची खूण. किनार जाऊन सगळं लालसर-तपकिरी झालं की तयार. त्याच सुमारास तपकिरी धूळ पडायला लागते, ते बीजाणू, सगळ्या खोलीभर बसतात आणि छातीला त्रास देतात, त्यामुळे मास्क लावा. बीजाणूंचा त्रास धिंगरीत (ऑयस्टर मशरूममध्ये) तर अजून जास्त असतो, बंद खोलीत धिंगरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आणि एक, रेशी तोडल्या तोडल्या त्याच दिवशी पातळ काप करा. सुकल्यावर लाकूड होतं ते, मग करवत घेऊन बसावं लागेल.

वाळवणं, खाणं, काढा

ताज्या मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वाळल्यावर १ किलोचं १०० ग्रॅम राहतं, तेव्हा वजन बघून निराश होऊ नका. डिहायड्रेटरमध्ये ५० ते ६० डिग्री, कडक मोडेपर्यंत, वाकत असेल तर अजून ओल आहे. हवाबंद बरणीत, अंधारात. वाळवायच्या आधी काप तासभर दुपारच्या उन्हात ठेवले तर मशरूममधलं एर्गोस्टेरॉल व्हिटॅमिन डी२ मध्ये बदलतं, फुकटात मिळतंय तर घ्या.

कच्चं खाऊ नका, कुठलंच. पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, ते आपल्याला नीट पचत नाही, आणि शिटाके कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाल्लं तर काही लोकांना अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. लायन्स मेन आधी कोरड्या तव्यावर पाणी सुटून आटेपर्यंत परता, तेल किंवा लोणी नंतर.

रेशीचा काढा करायचा तर ५ ग्रॅम सुके काप, १ लिटर पाणी, मंद आचेवर २ तास, अर्धं होईपर्यंत. कडू लागणारच. गरम पाण्यात बीटा-ग्लुकान उतरतात, पण ट्रायटर्पीन अल्कोहोलमध्ये जास्त चांगले उतरतात, म्हणून काही लोक काप आधी ३-४ आठवडे पिण्यायोग्य कडक दारूत भिजवतात, मग तेच काप पाण्यात उकळून दोन्ही अर्क एकत्र करतात. पिण्यायोग्य म्हटलंय, सॅनिटायझर किंवा स्पिरिट नाही.

विकतची पावडर घरात पडली असेल तर एक सोपी टेस्ट करा. थोडी पावडर पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचा थेंब टाका. गडद निळं-काळं झालं तर त्यात भरपूर स्टार्च आहे, म्हणजे बहुतेक धान्यावर वाढवलेलं जाळं धान्यासकट दळलंय. मशरूममध्ये स्टार्च नसतं.

कोणी घेऊ नये

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रेशीपासून लांब राहा, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करा आणि सर्जनला सांगा. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना प्रतिकारशक्ती दाबायची औषधं चालू असतात, त्यांनी प्रतिकारशक्ती चाळवणारं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना काढे, अर्क नकोच. रेशीची पावडर घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या, आणि चागाची पावडर महिनोन्‌महिने घेऊन त्यातल्या ऑक्झलेटमुळे किडनी बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, त्यामुळे नैसर्गिक आहे म्हणून चालतंय असं नाही. पहिल्यांदा खाताना थोडंसंच खा, खाज किंवा पोटात गडबड झाली तर थांबा. आणि जंगलात दिसलेलं मशरूम फोटो बघून ओळखून आणायचं नाही.

फ्लश संपलेला ब्लॉक फेकू नका. त्यावर हिरवी बुरशी आली नसेल तर चुरून, थोडा ताजा कोंडा घालून, परत वाफवून त्यावर धिंगरी लावता येते, ती असल्या उरलेल्यावर पण मजेत येते. तेही झालं की कुंड्यांच्या मातीवर पसरा किंवा कंपोस्टमध्ये टाका, दोन-तीन पाऊस झाले की कधीकधी कुंडीतूनच एखादं मशरूम डोकं वर काढतं, ते मात्र खायचं नाही, कुठलं आहे सांगता येत नाही.